पदक आल्यावर कोटी मिळतात, पण त्याआधीची दहा वर्षं पोहायचं कुणाच्या पैशावर?

पॅरिस ऑलिम्पिकच्या तयारीसाठी केंद्र सरकारनं १६ खेळांवर मिळून साधारण ४७० कोटी रुपये खर्च केले. ॲथलेटिक्सला ९६ कोटी, बॅडमिंटनला ७२ कोटी, बॉक्सिंग आणि नेमबाजीला प्रत्येकी ६० कोटींच्या आसपास.

आणि पोहण्याला? ३ कोटी ९० लाख.

म्हणजे शंभर रुपयांतला एक रुपयासुद्धा नाही. तेही वर्षाला नाही, तर पॅरिसच्या तयारीचा सगळा काळ मिळून.

आता दुसरा आकडा बघा. पॅरिसमध्ये एकट्या पोहण्यात ३७ सुवर्णपदकं होती. ॲथलेटिक्सच्या ४८ नंतर सगळ्यात जास्त पदकं याच खेळात. पण भारताच्या ११७ खेळाडूंच्या पथकात जलतरणपटू होते फक्त दोन, श्रीहरी नटराज आणि १४ वर्षांची धिनिधी देसिंघू. दोघंही गेले ते युनिव्हर्सॅलिटी कोट्यातून. ज्या देशांचे जलतरणपटू थेट पात्र ठरत नाहीत, त्यांना मिळणारी ही जागा असते.

यावर लगेच दोन बाजूंनी बोललं जातं. एक बाजू म्हणते, पैसे देत नाहीत म्हणून पदक येत नाही. दुसरी म्हणते, पदक येत नाही म्हणून पैसे देत नाहीत. दोघांचंही खरंय. मग हे कोडं बाकीच्या देशांनी कसं सोडवलं आणि आपल्याकडं ते नेमकं कुठं अडलंय, तेच बघू.

पोहायला पैसे लागतात तरी कशाला?

वरवर बघितलं तर पोहण्याइतका स्वस्त खेळ नाही. एक चड्डी, एक टोपी, एक गॉगल. गावाकडं तर विहीर आणि पाठीला बांधलेला डबा एवढ्यावर काम भागतं.

पण स्पर्धेचं पोहणं वेगळं. ऑलिम्पिकचा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि निदान २ मीटर खोल असतो. हिशेब केला तर २५ लाख लिटर पाणी. ते रोज गाळायचं, शुद्ध ठेवायचं आणि २५ ते २८ अंश तापमानात राखायचं. थंडीत तापवायचं म्हटलं की विजेचं बिल आलंच. त्यामुळं असे तलाव मोजक्या शहरांत आहेत आणि वर्षभर नीट चालणारे त्याहून मोजके. म्हणून चांगल्या जलतरणपटूला लहान वयातच घर सोडावं लागतं, आणि बऱ्याचदा आई किंवा वडिलांपैकी एकाला त्याच्यासोबत जावं लागतं. म्हणजे दोन घरांचं भाडं आणि एका माणसाची कमाई बंद.

पाण्यातला सरावही थोडाथोडका नसतो. आठवड्याला नऊ-दहा सत्रं, एकेका सत्रात पाच-सहा किलोमीटर. त्याच्या जोडीला प्रशिक्षक, व्यायामशाळा, फिजिओ, आहार. शर्यतीत घालायचा खास पोशाख ३० ते ५० हजारांच्या घरात जातो, आणि काही शर्यतींनंतर त्याची पकड सैल होते की नवा घ्यावा लागतो. शिवाय परदेशातल्या स्पर्धा. तिथं तगड्या खेळाडूंच्या शेजारच्या लेनमध्ये पोहल्याशिवाय वेळ कमी होत नाही, हे कुठलाही प्रशिक्षक सांगेल.

हे सगळं एक-दोन वर्षं नाही, तर वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून विशीपर्यंत चालतं. या काळात कमाई शून्य, खर्च मात्र दरमहा. अडचण सगळी इथंच आहे.

पण मोठ्या स्पर्धा जिंकून पैसे निघत असतील की?

नाही निघत.

ऑलिम्पिकमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती पदकासाठी एक रुपयाही देत नाही. जे देतो ते त्या त्या खेळाडूचा देश. पॅरिसमध्ये ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेनं आपल्या सुवर्णविजेत्यांना ५० हजार डॉलर दिले, पण पोहण्यात तसं काही झालं नाही.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत बक्षीस असतं. तिथं सुवर्णपदकाला २० हजार डॉलर मिळत आलेत. आपल्या हिशेबानं साधारण १७ लाख रुपये. पुढं उतरत जात आठव्या क्रमांकाला हजार डॉलर. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात सगळ्यात कमी मूळ किंमत होती ३० लाख. म्हणजे जगात पहिल्या आलेल्या जलतरणपटूचं बक्षीस आयपीएलमधल्या सगळ्यात कमी बोलीच्याही खाली.

मायकल फेल्प्सचं काय, असं तुम्ही म्हणाल. २००८ मध्ये मार्क स्पिट्झच्या सात सुवर्णपदकांची बरोबरी केल्याबद्दल त्याला स्पीडो कंपनीनं १० लाख डॉलर दिले, हे खरं. पण फेल्प्स एकच असतो. अंतिम फेरीत आठ जण पोहतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नावं आपल्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. जाहिरातवाल्यांनाही नाही.

२०१९ मध्ये युक्रेनमधले उद्योगपती कॉन्स्टन्टिन ग्रिगोरिशिन यांनी इंटरनॅशनल स्विमिंग लीग सुरू केली. संघ, पगार, बक्षिसं, टीव्ही, अगदी आपल्या लीगसारखी. तीन हंगाम झाले. मग २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला, लीग बंद पडली. पैसे थकल्याच्या तक्रारीही झाल्या. एका माणसाच्या खिशावर उभी राहिलेली गोष्ट त्या माणसासोबतच अडचणीत आली.

मग जे देश पदकांची रास लावतात, ते काय करतात? त्यांच्याकडं मुख्यतः चार वाटा आहेत.

ब्रिटन : लॉटरीची तिकिटं आणि कडक हिशेब

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनला फक्त एक सुवर्ण मिळालं आणि पदकतालिकेत तो देश ३६ व्या क्रमांकावर गेला. तिथं ही राष्ट्रीय नामुष्की ठरली. पुढच्याच वर्षापासून राष्ट्रीय लॉटरीतला काही पैसा थेट अव्वल खेळाडूंकडं वळवला गेला.

पद्धत अशी. यूके स्पोर्ट ही संस्था प्रत्येक खेळाला चार वर्षांसाठी पैसे देते. त्यातून प्रशिक्षक, केंद्रं, डॉक्टर यांचा खर्च निघतो. त्याशिवाय खेळाडूच्या खात्यात जगण्यासाठी वेगळी रक्कम येते. पदकाच्या पातळीवरच्या खेळाडूला वर्षाला साधारण २८ हजार पौंडांपर्यंत, म्हणजे ३० लाख रुपयांच्या आसपास, तेही करमुक्त. यातली खरी हुशारी दुसऱ्या पायरीत आहे. पदक मिळवलेल्यांसोबतच पुढच्या काही वर्षांत पदक मिळवू शकतील अशांनाही ही मदत मिळते. रक्कम कमी असते, पण वेळेवर येते.

बदल लगेच दिसला नाही. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनला तलावात एकही पदक मिळालं नाही. २०१२ मध्ये घरच्या ऑलिम्पिकमध्ये फक्त तीन मिळाली, तेव्हा पोहण्याचा निधी २.५१ कोटी पौंडांवरून २.१४ कोटींवर आणला गेला. मात्र व्यवस्था मोडली नाही. २०१६ मध्ये सहा पदकं आली, टोकियोत आठ. त्या आठात चार सुवर्णं होती.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. पदक हुकलं की निधी कमी होतो आणि खेळाडूचं नाव यादीतून जाऊ शकतं. तरी नियम काय आहेत, ते आधीपासून सगळ्यांना माहीत असतात.

अमेरिका : सरकार नाही, कॉलेज देतं

अमेरिकेची ऑलिम्पिक समिती केंद्र सरकारच्या थेट अनुदानावर चालत नाही. तरीही पोहण्यात अमेरिका दादा. कारण तिथली विद्यापीठं.

विद्यापीठांचे स्वतःचे तलाव, प्रशिक्षक, फिजिओ, आणि चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती. हा पैसा कुठून येतो? बहुतेक अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या तिकिटांतून आणि टीव्ही हक्कांतून. तगडे खेळ कमावतात, त्यावर पोहण्यासारखे खेळ जगतात. एकत्र कुटुंबात एकाच्या पगारावर घर चालावं, तसं.

याचा फायदा फक्त अमेरिकनांना होत नाही. पॅरिसमध्ये चार सुवर्णं जिंकणारा फ्रान्सचा लिओं मार्शां ॲरिझोना स्टेट विद्यापीठात बॉब बोमन यांच्याकडं घडला. हे बोमन म्हणजे फेल्प्सचे गुरू.

पण या घराला आता तडे जायला लागलेत. जून २०२५ मध्ये न्यायालयानं एका तडजोडीला मान्यता दिली. त्यानुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हा पैसा मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या खेळाडूंकडं जाणार हे उघड आहे. कमावता भाऊ आपला वाटा मागायला लागला की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो, तशी गत तिथल्या जलतरण प्रशिक्षकांची झालीय.

ऑस्ट्रेलिया : एक खाणमालकीण

ऑस्ट्रेलियात सरकारी क्रीडासंस्था खेळाडूंना अनुदान देते. पण पोहण्यात त्याशिवाय एक नाव येतंच, जीना राइनहार्ट. लोहखनिजाच्या खाणींच्या मालक आणि देशातल्या सगळ्यात श्रीमंत व्यक्तींपैकी एक. २०१२ पासून त्यांची हॅन्कॉक प्रॉस्पेक्टिंग कंपनी जलतरणाला पैसा पुरवतेय आणि खेळाडूंच्या हातात थेट पैसे पडतील याची त्यांनी काळजी घेतली. टोकियोत ऑस्ट्रेलियानं तलावात नऊ सुवर्णं जिंकली, तेव्हा कित्येक खेळाडूंनी त्यांचे जाहीर आभार मानले.

मग यात वाईट काय? २०२२ मध्ये राइनहार्ट यांच्या वडिलांनी आदिवासींबद्दल पूर्वी केलेल्या वक्तव्यांवरून नेटबॉल संघात नाराजी पसरली. खेळाडूंनी कंपनीचं नाव अंगावर घालण्याबद्दल शंका व्यक्त केल्या आणि कंपनीनं दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा करारच मागं घेतला. २०२४ मध्ये राष्ट्रीय कलादालनात लागलेलं त्यांचं एक चित्र त्यांना आवडलं नाही. ते काढावं म्हणणाऱ्यांत काही नामवंत जलतरणपटूही होते, असं तिथल्या वर्तमानपत्रांनी छापलं.

दानशूर माणूस मोठं काम करतो यात वाद नाही. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी. उद्या त्यांचं मन बदललं तर काय, याचं उत्तर कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं.

सिंगापूर : आईवडिलांची पुंजी

चौथी वाट सगळ्यात जुनी आणि आपल्या ओळखीची. जोसेफ स्कूलिंगची गोष्ट बघा. २००९ मध्ये हा १४ वर्षांचा मुलगा सिंगापूर सोडून अमेरिकेत फ्लोरिडातल्या बोल्स शाळेत गेला, पुढं टेक्सास विद्यापीठात. आईवडिलांनी त्याच्यावर १० लाख सिंगापुरी डॉलरहून जास्त खर्च केल्याच्या बातम्या आल्या. सिंगापूरमध्ये तरुणांना लष्करी सेवा सक्तीची आहे. ती पुढं ढकलून मिळावी म्हणूनही या आईवडिलांनी सरकारदरबारी खेटे घातले.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये स्कूलिंग ५०.३९ सेकंदांत पहिला आला. मागं राहिलेल्यांत खुद्द फेल्प्स होता. सिंगापूरचं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण.

बक्षीस किती मिळालं? १० लाख सिंगापुरी डॉलर, तेव्हाचे साधारण ५ कोटी रुपये. त्यातले २० टक्के पुढच्या प्रशिक्षणासाठी संघटनेला द्यायचे, असा नियम. म्हणजे देशाला पहिलं सुवर्ण देऊनही बक्षिसातून घरच्यांचा खर्च भरून निघाला नाही. आणि हे जिंकलेल्या मुलाचं झालं. असाच खर्च करून पदकापर्यंत न पोहोचलेल्या मुलांच्या घरांचा हिशेब कुणी मांडत नाही.

आपल्याकडं काय मिळतं?

कागदावर बघितलं तर आपल्याकडं योजना आहेत आणि त्या वाईटही नाहीत.

सगळ्यात वर टॉप्स, म्हणजे टार्गेट ऑलिम्पिक पोडियम स्कीम. २०१४ मध्ये सुरू झाली. निवडलेल्या खेळाडूला महिन्याला ५० हजार रुपये हातखर्च मिळतो, आणि परदेशी सराव, प्रशिक्षक, साहित्य यांचा खर्च मिशन ऑलिम्पिक सेलच्या मंजुरीनं वेगळा. त्याखालच्या विकास गटाला महिन्याला २५ हजार. त्याच्याही खाली खेलो इंडिया. तिथं एका खेळाडूमागं वर्षाला ६ लाख २८ हजारांची तरतूद, त्यातले १ लाख २० हजार हातखर्चाचे, म्हणजे महिन्याला १० हजार. राष्ट्रीय शिबिरं आणि परदेशी स्पर्धांसाठी महासंघामार्फत सरकारचा खर्च असतो तो निराळा.

मग घोडं अडतं कुठं?

टॉप्सच्या नावातच पोडियम आहे. पदकाची शक्यता दिसते त्याला पैसे. नेमबाजी, बॅडमिंटन, कुस्तीत हे बरोबर बसतं आणि तिथं त्याचा उपयोगही झालाय. पोहण्यात मात्र ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत आजवर एकही भारतीय पोहोचलेला नाही. पदकाचा निकष लावला तर आपला जवळजवळ प्रत्येक जलतरणपटू आधीच बाद. जागतिक दर्जाची वेळ दिली की मदत मिळणार, आणि ती वेळ द्यायला आधी मदत हवी. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

साजन प्रकाशचं उदाहरण घ्या. केरळचा हा मुलगा. आई स्वतः धावपटू होती. २०१६ च्या रिओला तो युनिव्हर्सॅलिटी कोट्यातून गेला. पुढं त्याला टॉप्सची मदत मिळाली, केरळ पोलिसांत नोकरी मिळाली आणि जागतिक महासंघाच्या शिष्यवृत्तीवर थायलंडमध्ये सराव करता आला. त्यात मानेची दुखापत झाली, कोरोनात तलाव बंद पडले, नंतर दुबईत सराव. जून २०२१ मध्ये रोममध्ये त्यानं २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून ऑलिम्पिकची ‘अ’ पात्रता गाठली. असं करणारा तो पहिला भारतीय. मर्यादा होती १:५६.४८. पाठोपाठ श्रीहरी नटराजनंही १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ५३.७७ ची वेळ दिली. तिथं मर्यादा होती ५३.८५.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, आपली मुलं जगाच्या पंगतीला बसू शकतात. दोन, ती बसली तेव्हा त्यांच्यामागं एक नाही, चार-पाच ठिकाणची मदत होती. कुणी तलाव दिला, कुणी पगार, कुणी विमानाचं तिकीट. यातला एखादा धागा तुटला असता, तर त्या ०.१० आणि ०.०८ सेकंदांचं काही खरं नव्हतं.

महाराष्ट्राची गोष्ट : पदक, नोकरी आणि एक शतांश सेकंद

आपल्याकडं या विषयावर बोलायचं तर वीरधवल खाडेचं नाव घ्यावंच लागतं. कोल्हापूरचा पोरगा. सरावासाठी घर सोडून बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडं गेला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला तेव्हा १७ वर्षंही पूर्ण नव्हती. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य जिंकलं. १९८६ मध्ये खजान सिंग यांनी जिंकलेल्या रौप्यानंतर, म्हणजे २४ वर्षांनी पोहण्यातलं आशियाई पदक देशात आलं. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

राज्य सरकारनं त्याला तहसीलदार केलं. हा मोठाच सन्मान. घरच्यांना आयुष्यभराची शाश्वती. पण तहसीलदाराचं काम तुम्हाला माहीतच आहे. निवडणुका, अतिवृष्टीचे पंचनामे, जमिनीचे वाद, वाळूची प्रकरणं. यात दिवसातून दोनदा तलावात कधी उतरायचं? विशीच्या पहिल्या काही वर्षांत, ऐन भरात, त्याचं पोहणं मागं पडलं.

तरी गडी परत आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्यानं २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत वेळ आली २२.४७. तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूची वेळ होती २२.४६.

एक शतांश सेकंद. पापणी लवायला त्याच्या दहापट वेळ लागतो.

केंद्र सरकार आशियाई कांस्याला १० लाख देतं. चौथ्या क्रमांकाला त्या यादीत जागाच नाही. मधली वर्षं त्याला निवांत सराव मिळाला असता तर काय झालं असतं, हे सांगता येणार नाही. पण नोकरी दोन प्रकारची असते, हे यातून नक्की कळतं. एक खेळ संपल्यावरचं बक्षीस, दुसरी खेळ चालू असतानाचा आधार. रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांचे स्वतःचे संघ असतात, सरावाची सवलत असते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ही चांगलीच गोष्ट. पण १९-२० वर्षांच्या जलतरणपटूला खुर्ची दिली आणि पोहायला वेळ दिला नाही, तर सन्मान होतो आणि खेळाडू हरवतो.

मुरलीकांत पेटकरांचंही असंच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे जवान, १९६५ च्या युद्धात जखमी झाले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकून भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण दिलं. तेव्हा मदतीला धावून आली ती क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची स्वयंसेवी संस्था. देशानं त्यांना पद्मश्री दिली २०१८ मध्ये, आणि अर्जुन जीवनगौरव मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट येऊन गेल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पैसे नसले की दुसरंच कुणीतरी देतं

आता या सगळ्याला एक नवा फाटा फुटलाय, एन्हान्स्ड गेम्स. उत्तेजक द्रव्यं घेऊन खेळायला मुभा देणारी ही स्पर्धा. पहिली मे २०२६ मध्ये लास व्हेगासला भरवायचं ठरलं. जाहीर झालेलं बक्षीस एका शर्यतीच्या विजेत्याला अडीच लाख डॉलर. ग्रीसचा क्रिस्टियन गोलोमीव्ह पॅरिसमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला पाचवा आला होता. २०२५ मध्ये या आयोजकांच्या छत्राखाली तो २०.८९ सेकंदांत पोहला. अधिकृत विश्वविक्रम तेव्हा २०.९१ होता. त्याला १० लाख डॉलर मिळाले. ती वेळ अर्थातच विक्रम म्हणून धरली गेली नाही.

पॅरिसमध्ये त्याच शर्यतीत रौप्य जिंकणारा ब्रिटनचा बेन प्राउडही सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडं गेला. त्याचा हिशेब साधा होता. तिथं एका शर्यतीत जे मिळू शकतं, ते मिळवायला १३ वर्षं विश्वविजेता व्हावं लागेल. जागतिक महासंघानं अशा स्पर्धेत जाणाऱ्यांना दारं बंद करणारा नियम केला. उत्तेजकांचं समर्थन करता येणार नाही, शरीराची माती होते. पण जगात दुसरा आलेला माणूस, तेही लॉटरीच्या पैशांवर सगळ्यात चांगली व्यवस्था उभी करणाऱ्या देशाचा, असा हिशेब करायला बसतो, तेव्हा प्रश्न फक्त त्याच्या नीतीचा राहत नाही.

मग आपण काय करू शकतो?

यात जादू कुठलीच नाही. चारही देशांकडं बघून तीन गोष्टी ठळक दिसतात.

पहिली, निकष. पोहण्यात भारताला लगेच ऑलिम्पिक पदक मिळणार नाही. मग निकष पदकाचा कशाला? वयाप्रमाणे वेळ किती सुधारली, आशियात क्रमांक कितवा, उपांत्य फेरीपासून किती शतांश दूर, यावर मदत देता येते. ब्रिटननं दुसरी पायरी नेमकी याचसाठी ठेवलीय.

दुसरी, मुदत. आज यादीत, सहा महिन्यांनी बाहेर, असं असेल तर घर सोडून दुसऱ्या शहरात जायची हिंमत कोण करणार? चार वर्षांची हमी असलेले महिन्याचे २५ हजार, हे न सांगता बंद होणाऱ्या ५० हजारांपेक्षा जास्त कामाचे.

तिसरी, कंपन्यांचा पैसा. कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्यात ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण बसतं. मुंबईच्या ग्लेनमार्क औषध कंपनीच्या फाउंडेशननं जलतरणात असं काम केलंय. पुण्याच्या बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ऑलिम्पिक दर्जाचा तलाव बांधला गेला. तलाव आहे, उद्योग आहेत, कायदा आहे. यांची गाठ घालून देणारं कुणीतरी हवं.

आणि घाई का, तर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरच्या बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक शर्यती पहिल्यांदाच येतायत. वीरधवलनं आशियाई पदक जिंकलं ती ५० मीटर बटरफ्लाय त्याच्या काळात ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच. पुढं २०३६ चं ऑलिम्पिक भरवण्याची इच्छा भारतानं कळवलीय. २०३६ मध्ये २२ वर्षांची असणारी मुलगी २०१४ मध्ये जन्मलीय. कुठल्यातरी तलावावर ती पहाटे पाचला उतरते, काठावर आई डबा घेऊन बसलेली असते, आणि तिच्या घरी या महिन्याची फी भरायची की पुढच्या स्पर्धेचं तिकीट काढायचं, यावर चर्चा चालू असते.

पुढच्या वेळी ‘विजेत्याला अमुक कोटींचं बक्षीस जाहीर’ अशी पोस्ट दिसली तर लाइक जरूर करा. पण खाली एक प्रश्नही विचारा, याच खेळात १४ वर्षांच्या मुलांना या वर्षी किती दिले?